पिशवीची सूज आणि चारित्र्याचा दाखला

ओटीपोटात खोल दुखते, अंगात कणकण असते, अंगावरून पांढरे जाते आणि त्याला वास येतो, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईबद्दल आपल्याकडे दोन निकाल तयार असतात. पहिला सहसा उच्चारला जात नाही, पण तिच्यापर्यंत नेमका पोचतो: हा गुप्तरोग आहे, तेव्हा तिचे नाहीतर नवऱ्याचे पाऊल कुठेतरी वाकडे पडले असणार. दुसरा निकाल पहिल्याच्याच पोटातून निघतो: बाई घरंदाज आहे, गनोरिया आणि क्लॅमिडियाच्या तपासण्यांत काही सापडले नाही, तेव्हा जंतुसंसर्ग नाहीच, उष्णता असेल, अशक्तपणा असेल, मनाचे असेल. एका निकालात बाई दोषी ठरते, दुसऱ्यात निर्दोष सुटते, आणि दोन्हींत तिचा दाह उपचाराविना राहतो. दोन्हींचा पाया एकच आहे. पीआयडी, म्हणजे बायकांच्या ओटीपोटातल्या जननेंद्रियांचा दाह, हा ठरावीक एक-दोन जंतूंचा रोग आहे, ते जंतू एकाच वाटेने येतात, आणि म्हणून जंतूचे नाव कळले की वर्तनाचाही निवाडा होतो, असे हे गृहीतक आहे. गेल्या काही दशकांतल्या जिवाणुशास्त्राने ते मोडीत काढले आहे. हा दाह पुष्कळदा अनेक जिवाणूंच्या संगनमताने होतो, त्यांतले बरेच निरोगी शरीरातही वस्तीला असतात, काहींचा लैंगिक संबंधाशी काडीचाही संबंध नसतो, आणि आधी कोण शिरले हे बऱ्याच रुग्णांत कधीच कळत नाही. जंतूच्या नावावरून चारित्र्य ठरवणे जितके चूक, तितकेच जंतू सापडला नाही म्हणून दाह नाकारणे चूक.

आजार घडतो कसा, हे आधी पाहू. योनीत जिवाणूंची कायम वस्ती असते. त्यांतले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला सामू साधारण ४.५ च्या खाली ठेवतात, आणि त्या आंबटपणात इतर जंतूंना फारसे वाढता येत नाही. त्याच्या वर गर्भाशयमुखातला दाट, चिकट स्राव जंतूंना गर्भाशयात चढू देत नाही. पाळीच्या दिवसांत हा बांध सैल होतो. गनोरियाचा दाह बहुधा पाळीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या आठवड्यात उफाळतो, त्यामागे हेच कारण मानतात. जंतू एकदा वर गेले की आधी गर्भाशयाचे अस्तर सुजते, मग गर्भनलिका, मग बीजकोश, आणि दाह तिथेही थांबला नाही तर पू साठतो, पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोचतो. क्वचित तो यकृताच्या वेष्टनापर्यंत जातो आणि उजव्या बरगडीखाली असे दुखते की पित्ताशयाचे खडे असावेत असा समज होतो. या सगळ्यात सर्वांत नाजूक जागा गर्भनलिकेची. तिच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या हालचालीने बीज गर्भाशयाकडे सरकते. गनोरियाचा जंतू तंतू नसलेल्या पेशींना चिकटतो, पण त्याच्या आवरणातून सुटणाऱ्या विषारी तुकड्यांनी शेजारच्या तंतुयुक्त पेशी मरतात. क्लॅमिडिया पेशीच्या आतच राहतो आणि वाढतो. तिथे जास्त नुकसान जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिकाराने होते, म्हणून दुखणे थोडे आणि व्रण मोठा असा प्रकार घडतो. नलिका चिकटली की बीज आणि शुक्रजंतूची गाठ पडत नाही, आणि अर्धवट चिकटली तर गर्भ नलिकेतच रुजतो.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात तथ्य किती, हेही मोकळेपणाने मांडले पाहिजे. गनोरिया, ज्याला आपल्याकडे जुनी माणसे परमा म्हणत, आणि क्लॅमिडिया हे दोन या आजाराचे सर्वांत भक्कमपणे सिद्ध झालेले जंतू आहेत आणि ते संबंधांतूनच पसरतात. १८७९ साली अल्बर्ट नायसरने गनोरियाचा जंतू ओळखला. त्याच्या सात वर्षे आधी, १८७२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणाऱ्या एमिल नॉगेराथ या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहिले होते की पुरुषाचा परमा वरवर बरा झाला तरी आत दबा धरून राहतो, लग्नानंतर पत्नीला लागतो, आणि तिच्या ओटीपोटातल्या दुखण्याचे व वांझपणाचे कारण ठरतो. त्याच्या समव्यावसायिकांनी त्याला वेड्यात काढले. क्लॅमिडियाची गोष्ट उशिराची. हाल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक यांनी १९०७ मध्ये जावा बेटावर खुपरीच्या रुग्णांच्या पेशींत त्याच्या खुणा पाहिल्या, पण तो प्रयोगशाळेत वेगळा काढायला १९५७ साल उजाडले, आणि तो गर्भनलिकांचा मोठा शत्रू आहे हे त्याच्याही नंतर ध्यानात आले. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य बायकांना लक्षणेच नसतात. उपचार झाले नाहीत तर त्यांतल्या दहा ते पंधरा टक्क्यांना पीआयडी होतो. सिएटलमध्ये धोक्याच्या गटातल्या बायकांची लक्षणे नसतानाही क्लॅमिडियासाठी तपासणी करून उपचार केले, तेव्हा वर्षभरातले पीआयडीचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास या जंतूविरुद्धचा ठोस पुरावा आहे. म्हणजे हे दोन जंतू खरे आरोपी आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो आरोपी दोनच आहेत, या समजुतीशी.

ही समजूत मुख्यतः तपासणीच्या सोयीतून आली. ज्या जंतूंची चाचणी सहज होते तेच जंतू कारण म्हणून नोंदवले जातात, आणि बाकीचे नोंदीबाहेर राहतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या उपचारसूचना सांगतात की अलीकडच्या अभ्यासांत तीव्र पीआयडीचे निदान झालेल्या निम्म्याहून कमी बायकांत गनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडतो. उरलेल्या निम्म्यांहून अधिक बायकांचे काय? त्यांतल्या काहींत मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम सापडतो. १९८० च्या सुमारास लंडनमध्ये मूत्रमार्गाचा दाह असलेल्या दोन पुरुषांत तो पहिल्यांदा मिळाला. त्याला पेशीभित्तिका नाही, त्यामुळे पेनिसिलिन आणि तिच्या कुळातल्या औषधांना तो दाद देत नाही. त्याची वाढ इतकी संथ की साध्या कल्चरमध्ये तो दिसत नाही. तो असलेल्या बायकांत पीआयडीचा धोका सुमारे दुप्पट आढळला आहे. आणखी मोठा गट आहे तो बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी जोडलेल्या जिवाणूंचा: गार्डनरेला, प्रिव्होटेला, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस आणि ऑक्सिजनविना वाढणारे त्यांचे सोबती. हे जिवाणू थोड्या संख्येने कित्येक निरोगी बायकांत असतात. लॅक्टोबॅसिलस मागे हटले की ते माजतात, पाण्यासारखा, मासळीच्या वासाचा स्राव होतो, आणि त्यांची विकरे गर्भाशयमुखातला चिकट स्राव विरघळवतात. शिवाय सुमारे १५ टक्के किंवा त्याहून कमी रुग्णांत आतड्यातला ई. कोलाय, घशात राहणारा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस असे जंतू सापडतात. ज्या जंतूने मुलांना न्यूमोनिया होतो तोच कधी गर्भनलिकेत पू करतो. यातून वर्तनाचा कोणता निवाडा निघतो?

यावर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. घरावर दरोडा पडला तेव्हा जे शेजारी अंगणात उभे होते ते सगळे दरोडेखोर ठरत नाहीत. तसे हे ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू आधीच जखमी झालेल्या अस्तरावर नंतर जमलेले असतील, खरा हल्लेखोर निसटून गेला असेल. गनोरियाचा जंतू दाह सुरू करून काही दिवसांत मागे हटतो आणि त्याच्या जागी मिश्र जंतू उरतात, असे मत अनेक वर्षे मांडले गेले. याचे उत्तर नुसत्या सापडण्याने मिळत नाही. जंतू काढून टाकला की आजार कमी होतो का, हे पाहावे लागते, आणि ते पाहिले गेले आहे. १९९२ मध्ये स्वीडनमध्ये गर्भपात करून घेणाऱ्या, बॅक्टेरियल व्हजायनोसिस असलेल्या १७४ बायकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आधी मेट्रोनिडॅझोल दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली, आणि कोणाला काय दिले हे ना डॉक्टरांना ठाऊक होते ना बायकांना. नंतरच्या पीआयडीचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात १२.२ टक्के होते, औषधाच्या गटात ३.६ टक्के. मेट्रोनिडॅझोल गनोरियावर किंवा क्लॅमिडियावर चालत नाही. जिवाणूंपैकी ते ऑक्सिजनविना वाढणाऱ्यांवरच चालते. दुसरा प्रयोग २०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तीव्र पीआयडीच्या २३३ बायकांना सेफ्ट्रायॅक्सोन आणि डॉक्सीसायक्लिन तर दिलेच, पण निम्म्यांना सोबत मेट्रोनिडॅझोलही दिले. महिन्याभराने तपासले तेव्हा ओटीपोट दाबल्यावर दुखणे मेट्रोनिडॅझोलच्या गटात ९ टक्क्यांना उरले होते, दुसऱ्या गटात २० टक्क्यांना. गर्भाशयाच्या अस्तरात या जिवाणूंचा अंश पहिल्या गटात ८ टक्क्यांत, दुसऱ्यात २१ टक्क्यांत. नुसते बघे असते तर त्यांना हटवल्याने बाईचे दुखणे निम्म्याने कमी झाले नसते.

आपल्या देशात तर या यादीत आणखी एक नाव येते आणि ते दोन्ही तयार निकालांना सारखेच अडचणीचे आहे: क्षयाचा जंतू. तो श्वासातून फुप्फुसात शिरतो, रक्तातून ओटीपोटात पोचतो आणि बहुतेक वेळा आधी गर्भनलिकांनाच धरतो. लग्न न झालेल्या, कधीही संबंध न आलेल्या मुलीलाही तो होऊ शकतो. पुष्कळदा ताप नसतो, खोकला नसतो. पाळी कमी होते, ओटीपोटात बारीक दुखत राहते, आणि लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा नलिका बंद सापडतात. ऊतीत जंतू इतके थोडे असतात की एका नमुन्यावरून त्याला नाकारता येत नाही. भारतात नलिका बंद होऊन येणाऱ्या वंध्यत्वाचे ते महत्त्वाचे कारण आहे, आणि त्याचे औषध किमान सहा महिन्यांचे, अगदी वेगळे असते. तसेच बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवताना हातांतून आणि हत्यारांतून येणारे जंतू. सेमेलवाइसने १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांचे हात धुवायला लावून बाळंतरोगाचे मृत्यू कमी केले. जंतू वर चढवणारा हात वैद्याचाही असू शकतो, हे तेव्हाच दिसले होते. तांबीचेच पाहा. तांबीने पिशवी सुजते असे आपल्याकडे सर्रास सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २२,९०८ तांब्यांच्या नोंदींवरून १९९२ मध्ये दाखवले गेले की पीआयडीचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत नंतरच्या काळापेक्षा सहा पटींहून अधिक असतो, आणि पुढे तो अगदी थोडा राहतो. धोका तांब्याच्या तारेचा असता तर तो वर्षानुवर्षे तसाच दिसला असता. खरा प्रश्न बसवताना खालचे जंतू वर ढकलले जाण्याचा आहे, आणि त्याचा जबाब बसवणाऱ्याने द्यायचा आहे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत ताजा मुद्दा. बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा बाईच्या स्वतःच्या जिवाणूंचा बिघाड, असे इतकी वर्षे सांगितले गेले. पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की जोडीदार पुरुषालाही औषध दिले तर तो पुन्हा उलटण्याचे प्रमाण १२ आठवड्यांत ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे तोही संबंधांतून जातो. मग गुप्तरोगच म्हणणे बरोबर नाही का? हा प्रयोग नीट वाचला तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. त्यातली सगळी जोडपी एकमेकांशी एकनिष्ठ होती. जंतू फिरत होते ते एकाच घरात, त्याच दोघांत, कोणीही बाहेर पाऊल न टाकता. संबंधांतून पसरणे आणि व्यभिचार या दोन गोष्टींचे नाते आपण लावले आहे, जिवाणूंनी नाही. आणि जिथे जंतू खरोखर बाहेरून येतो, तिथेही दोष बहुधा त्या बाईकडे जात नाही. पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ बायकांत १३.६ टक्क्यांना एचआयव्ही आढळला. १९९७ साली छापलेल्या त्या अभ्यासातल्या बहुतेक बायकांचा संबंध आयुष्यात फक्त नवऱ्याशी आलेला होता. एचआयव्ही विषाणू आहे, जिवाणू नाही, पण वाट तीच आहे, आणि ती नॉगेराथने दीडशे वर्षांपूर्वी ओळखली होती. जे गृहीतक जंतू दाखवून बाईकडे बोट करते, ते संबंधांतून येणाऱ्या जंतूंबाबतही खोटे पडते.

याच्या उलट बाजूने, स्त्रियांच्या हिताची काळजी असलेलेच काही जण विचारतील की पीआयडी हा लैंगिक आजार नव्हे असे सांगितल्यास नवरा सुटणार नाही का? तो तपासणीला येणार नाही, औषध घेणार नाही, आणि बाई बरी होऊन घरी गेली की पुन्हा तोच जंतू लागेल. ही भीती खरी आहे, पण इलाज लाज वाढवण्यात नाही. अलीकडच्या जोडीदारावरही उपचार करावेत ही जगभरची वैद्यकीय सूचना आहे, आणि जंतू ओळखला गेला नसला तरी तिचे कारण उभे राहते: वारंवार होणारा दाहच नलिका खराब करतो. नवऱ्याला दवाखान्यात आणायचे तर त्याला सांगावे लागते की हे औषध तुम्हा दोघांचे आहे, अर्धे घेतले तर तिची नलिका जाईल. गुप्तरोग हा शब्द कानावर पडताच तो बाईला माहेरी पाठवण्याचीच शक्यता जास्त. ज्या घरात निदान म्हणजे आरोप, त्या घरात बाई निदानच लपवते, दुखणे अंगावर काढते, आणि उशिरा येते.

हा उशीर हीच या आजारातली खरी किंमत आहे, आणि ती मोजलेली आहे. स्वीडनमधल्या लुंड येथे लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते १९८४ या काळात दुर्बिणीतून गर्भनलिकांची सूज प्रत्यक्ष पाहिलेल्या १,८४४ बायकांचा पुढे मागोवा घेतला. एकदा दाह झालेल्यांपैकी ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी १९.५ टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी ४० टक्के बायकांना नलिका बंद झाल्याने मूल झाले नाही. दाह झालेल्यांच्या पुढच्या पहिल्या गर्भधारणेत ९.१ टक्के गर्भ गर्भाशयाबाहेर राहिले. दाह न झालेल्यांत हेच प्रमाण १.४ टक्के होते. याच बायकांच्या नोंदींवरून १९९३ मध्ये आणखी एक हिशेब मांडला गेला: दुखू लागल्यावर तीन किंवा अधिक दिवस उशिराने आलेल्यांत वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरचा गर्भ यांचा धोका जवळजवळ तिप्पट होता. तीन दिवस. आपल्याकडे बाईला सासूची परवानगी, नवऱ्याची सुट्टी आणि एसटीचे भाडे जमेपर्यंत आठवडा जातो, आणि त्यानंतर ‘आधी रिपोर्ट येऊ द्या’ असे ऐकावे लागते. तिथे दोन जंतूंच्या रिपोर्टची वाट पाहणे म्हणजे ज्या रुग्णांत ते जंतू नाहीतच त्यांच्या नलिका वाऱ्यावर सोडणे. रिपोर्ट करावा, तो नवऱ्याच्या उपचाराला आणि पुढच्या काळजीला उपयोगी पडतो. पण औषध त्याच्यासाठी थांबवू नये, आणि तो कोरा आला म्हणून चालू औषध बंद करू नये.

मग जंतू माहीत नसताना तीन-तीन प्रतिजैविके चारायची का, हा प्रतिजैविकांच्या गैरवापराने त्रस्त झालेल्या डॉक्टरांचा प्रश्न उरतो. तो सर्वांत गंभीर आहे. वेस्ट्रॉम यांनीच याकोब्सन यांच्यासह १९६९ मध्ये दाखवले होते की लक्षणांवरून पीआयडी ठरवलेल्या ८१४ बायकांपैकी दुर्बिणीने प्रत्यक्ष सूज ६५ टक्क्यांतच दिसली. आणि पांढरे जाणे म्हणजे पीआयडी हे समीकरण तर सरळ चूक आहे. गोव्यात २,४९४ बायकांच्या तपासणीत जननमार्गाचे संसर्ग सुमारे २८ टक्क्यांत सापडले, पण त्यांतले बहुतेक शरीरातल्याच जिवाणूंच्या आणि बुरशीच्या बिघाडाचे होते. संबंधांतून पसरणारे सुमारे ४ टक्केच. दिसेल त्या पांढऱ्यावर प्रतिजैविकांचा मारा करणे हा उपाय नव्हे, हे पूर्ण मान्य. पण मर्यादा कुठे आखायची ते ठरलेले आहे: तरुण बाई, ओटीपोटात दुखणे, दुसरे कारण दिसत नाही, आणि आतून तपासताना गर्भाशयमुख हलवल्यावर, गर्भाशयावर किंवा बाजूच्या नलिकांवर दाबल्यावर कळ येणे. या खुणा असतील तर औषध सुरू करायचे. नुसता स्राव असेल तर नाही. गर्भ राहिला आहे का, तो नलिकेत तर नाही ना, अपेंडिक्स तर नाही ना, हे आधी पाहायचे. गैरवापर होतो तो आतून तपासणी न करता केवळ तक्रार ऐकून गोळ्या लिहिल्याने. गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. चुकीच्या औषधांचे मूळ त्या न झालेल्या तपासणीत आहे. तिच्या जागी निदान टाळणे आणि तिच्या जागी गोळ्यांचा मारा करणे, ही एकाच कामचुकारपणाची दोन रूपे आहेत.

चारित्र्याचा निकाल मागे पडला की त्याची जागा स्वच्छतेचा निकाल घेतो. बाई स्वच्छ राहत नाही, पाळीचे कापड नीट धूत नाही, म्हणून हे झाले असे सांगितले जाते, आणि सुगंधी द्रावणांनी योनी आतून धुण्याचा सल्ला मिळतो. पाळीच्या दिवसांत स्वच्छ कापड आणि पाणी हा प्रत्येक बाईचा हक्क आहे. तो मागायला आजाराची सबब लागू नये. पण गनोरिया, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा किंवा क्षय यांतला एकही जंतू साबणाने टळत नाही, आणि आत द्रावण मारल्याने लॅक्टोबॅसिलसचा आंबटपणा धुतला जाऊन दुसऱ्या जंतूंनाच मोकळे रान मिळू शकते. हा निकालही बाईलाच दोषी धरतो, फक्त भाषा सभ्य असते.

आणि मग येतो अंतिम निकाल: पिशवी खराब झाली, काढून टाका, किटकिट संपेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांबाबत २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२,३०९ बायकांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. यातल्या प्रत्येकीला काय झाले होते हे आकड्यावरून कळत नाही, पण पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे ही शस्त्रक्रियेची नेहमीची कारणे म्हणून पुढे आली. जिवाणूंच्या बाजूने पाहिले तर यात काहीच जुळत नाही. वास येणाऱ्या स्रावाचे जिवाणू योनीत असतात. पिशवी गेल्यावरही ते तिथेच राहतात. गर्भनलिकांच्या सुजेवर पहिला इलाज औषध आहे, आणि तो घरी राहूनही होतो: अमेरिकेत ८३१ बायकांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सौम्य ते मध्यम पीआयडीवर दवाखान्यात भरती करून केलेले आणि घरी केलेले उपचार यांत पुढच्या मूल होण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. शस्त्रक्रियेची वेळ येते ती पुवाची गाठ औषधाने न ओसरणे किंवा फुटणे अशा थोड्या प्रसंगी. तिशीत पिशवी काढलेल्या बाईचे बीजकोश ठेवले तरी त्यांचे काम लवकर मंदावू शकते, आणि हाडे व हृदय यांवर त्याचा भार पडतो. फडावर एक दिवस खाडा झाला तर दंड कापणाऱ्या मुकादमाच्या दृष्टीने हा सोयीचा उपाय असेल. जिवाणूंच्या दृष्टीने तो उपायच नाही.

या सगळ्यावरच्या उपायांना महागडी यंत्रे लागत नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळ्या रंगाचे सहावे किट ठरवलेले आहे: सेफिक्झिमचा एक डोस, आणि चौदा दिवस डॉक्सीसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल. अमेरिकेने मेट्रोनिडॅझोल सरसकट द्यायची सूचना २०२१ मध्ये केली. आपल्या किटमध्ये ते त्याआधीपासून आहे. म्हणजे एक-दोन जंतूंच्या गृहीतकाला आपल्याच सरकारी कागदांनी कधीच रजा दिली आहे. ते टिकून आहे ते तपासणीच्या खोलीत आणि घरात. त्यामुळे मागणी साधी आहे. दुखणे घेऊन आलेल्या बाईची त्याच दिवशी आतून तपासणी व्हावी, खुणा जुळल्या तर त्याच दिवशी औषध सुरू व्हावे, तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलवावे, उतार नसेल तर भरती करून पू, क्षय आणि दुसरी कारणे शोधावीत, नवऱ्याला दोष न देता त्याच्या वाट्याच्या गोळ्या द्याव्यात. त्यासाठी एक टेबल, एक दिवा, एक पडदा, निर्जंतुक स्पेक्युलम आणि तपासायला तयार असलेली डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स पुरते. हे ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल, तिथल्या बाईला चारित्र्याबद्दल विचारण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याला या पाच गोष्टींचा जाब विचारावा.